क्लोरोफिलच्या आलेखात मध्येच पायरी दिसते किंवा कल उलटतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार साधारण अशी असते. उपग्रहावरून मिळालेल्या क्लोरोफिलच्या मासिक फाइल डाउनलोड केल्या, समुद्राचा एक चौकोन निवडला, प्रत्येक महिन्याची सरासरी काढली आणि १९९७ पासूनचा आलेख मांडला. त्यात एका जागी रेघ अचानक वर चढते आणि वरच राहते. कधी पायरी नसते, पण कल इतका ठळक घसरता दिसतो की लगेच निष्कर्ष लिहायला घ्यावासा वाटतो. मग पुढची दोन वर्षं जोडली की तोच कल सपाट होतो. कधी दोघांनी एकाच चौकोनावर काम केलेलं असतं आणि एकाला फायटोप्लँक्टन (क्लोरोफिल बाळगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढलेलं दिसतं, दुसऱ्याला घटलेलं.

हा प्रश्न एकदा सोडवला म्हणून कायमचा मिटत नाही. नवा सेन्सर जोडला, माहितीची नवी आवृत्ती आली, नवा विद्यार्थी कामाला लागला की पुन्हा समोर येतो. मी बरीच वर्षं असे आलेख तपासते आहे, आणि बहुतेक वेळा समुद्रात काही घडलेलंच नसतं, मोजणीत घडलेलं असतं. खालचा क्रम मी वेळेच्या हिशोबाने लावला आहे. पाच मिनिटांत तपासून होतं ते आधी, आठवडा खाणारं शेवटी.

चूक इतकी सहज का शिरते

उपग्रह फायटोप्लँक्टन मोजत नाही. समुद्रात तरंगणाऱ्या या सूक्ष्म वनस्पती निळा उजेड शोषतात, हिरवा फारसा शोषत नाहीत. त्या वाढल्या की पाणी निळ्याकडून हिरव्याकडे झुकतं, आणि हा झुकाव वरून दिसतो. ४४३ ते ५१० नॅनोमीटरच्या निळ्या पट्ट्यांतला उजेड आणि ५५५ च्या आसपासचा हिरवा उजेड यांचं गुणोत्तर घेऊन त्यावरून क्लोरोफिलचा अंदाज बांधला जातो.

अडचण अशी की उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या उजेडातला सुमारे नव्वद टक्के वाटा हवेचा असतो: हवेच्या रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला. समुद्राच्या पोटातून वर आलेला वाटा जेमतेम दहा टक्के. आता हिशोब करा. एकूण उजेड १०० धरला आणि उपकरणाने तो १०१ वाचला, म्हणजे चूक फक्त एक टक्का. पण हवेचे ९० वजा केल्यावर १० च्या जागी ११ उरतात. समुद्राच्या वाट्यात तीच चूक दहा टक्के होते. दहा वर्षांत होणारा खरा बदलही कित्येकदा याच्याच आसपास किंवा याहून कमी असतो. म्हणूनच हवाईतल्या लानाई बेटाजवळ मोबी नावाचा बोया १९९७ पासून पाण्यात आहे. पाण्यातून वर येणारा उजेड तो जागेवर मोजतो आणि उपग्रहांची मापं त्याच्याशी जुळवून घेतली जातात. इतकं करूनही मोकळ्या समुद्रातल्या क्लोरोफिलसाठी अचूकतेचं ठरवलेलं उद्दिष्ट ३५ टक्क्यांच्या आतबाहेर एवढंच आहे.

ही पार्श्वभूमी मुद्दाम आधी सांगितली. ती एकदा मनात बसली की आलेखातली सुंदर रेघ पाहून हुरळून जायला होत नाही.

आधी रिकाम्या जागांची किंमत पाहा

सगळ्यात पटकन होणारी तपासणी ही. ढग, बर्फ, सूर्याची पाण्यावरची चकाकी यांमुळे जिथे माप मिळत नाही तिथे फाइलमध्ये ठरावीक खुणेचा आकडा भरलेला असतो. नासाच्या मासिक नकाशांत तो उणे ३२७६७ असतो. हा आकडा चुकून सरासरीत गेला तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की लगेच कळतं. खरा धोका वेगळा आहे. कोणीतरी सोयीसाठी त्या जागी शून्य भरून ठेवतं. मग ज्या महिन्यात ढग जास्त, त्या महिन्यात क्लोरोफिल कमी दिसतं आणि आलेख अगदी शहाण्यासारखा वागतो. त्यात ऋतुचक्रही छान उमटतं, फक्त ते ढगांचं ऋतुचक्र असतं.

तपासायला सोपं आहे. एका महिन्याच्या फाइलमधली सगळ्यात लहान किंमत छापून पाहा. दक्षिण पॅसिफिकच्या मधोमध, जगातल्या सगळ्यात स्वच्छ पाण्यातसुद्धा क्लोरोफिल घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तुमच्या फाइलमध्ये नेमकं शून्य सापडलं तर ते समुद्रातून आलेलं नाही.

पायरी कोणत्या महिन्यात आहे?

पायरीचा महिना काढा आणि तो उपग्रहांच्या जन्ममृत्यूच्या तारखांशी ताडून पाहा. समुद्राचा रंग मोजणाऱ्या सेन्सरांची ही यादी मी अक्षरशः भिंतीवर लावून ठेवली आहे. सीविफ्सची माहिती सप्टेंबर १९९७ ते डिसेंबर २०१०. मोडिस-ॲक्वा, म्हणजे ॲक्वा उपग्रहावरचा मोडिस, जुलै २००२ पासून. युरोपचा मेरिस २००२ ते एप्रिल २०१२. सुओमी उपग्रहावरचा व्हिअर्स ऑक्टोबर २०११ मध्ये सोडला, म्हणजे वापरण्याजोगी माहिती २०१२ पासून. ओएलसीआय २०१६ मध्ये एका उपग्रहावर आणि २०१८ मध्ये दुसऱ्यावर. इस्रोचा ओसीएम १९९९ मध्ये ओशनसॅट-१ वर, त्याची पुढची पिढी २००९ मध्ये ओशनसॅट-२ वर आणि तिसरी नोव्हेंबर २०२२ मध्ये. पेस फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्याआधीचा सीझेडसीएस १९७८ ते १९८६, आणि त्याच्यानंतर थेट १९९६ पर्यंत मोठं खिंडार.

पायरी २००२ च्या मध्यावर, २०११ च्या आसपास किंवा २०१६ मध्ये असेल तर समुद्राला दोष देण्याआधी थांबा. सीविफ्सच्या सूत्रात ५१० नॅनोमीटरचा पट्टा आहे, मोडिसकडे तो पट्टाच नाही. त्याचं सूत्र ४४३, ४८८ आणि ५४७ वर चालतं. एकाच दिवशी, एकाच पाण्यावरून गेले तरी दोघांचे आकडे हुबेहूब जुळणार नाहीत, आणि तसं अपेक्षितही नाही. वेळेचाही फरक आहे. सीविफ्स सुरुवातीला विषुववृत्त दुपारी बाराच्या सुमारास ओलांडायचा, पण कक्षा सरकत गेली आणि शेवटच्या वर्षांत ती वेळ दोनच्या पुढे गेली. ॲक्वाची दीडची वेळ वर्षानुवर्षं काटेकोर सांभाळली होती, पण २०२२ पासून तीही सरकते आहे. सूर्य कुठे आहे यावर हवेचा हिशोब अवलंबून असतो, त्यामुळे ही गोष्ट किरकोळ नाही.

टेरा उपग्रहावरच्या मोडिसबद्दल एक वेगळी सूचना. त्याच्या आरशाचे गुण वर्षागणिक बिघडत गेले आणि तो ताळ्यावर आणण्यासाठी इतर सेन्सरांचा आधार घ्यावा लागला. म्हणजे त्याचा कल हा स्वतंत्र साक्षीदार नव्हे. दीर्घ काळाच्या कलासाठी मी तो घेत नाही.

आता उपाय. दोन सेन्सर जोडायचेच असतील तर दोघंही काम करत होते तो काळ घ्या. सीविफ्स आणि ॲक्वासाठी मी जुलै २००२ ते डिसेंबर २००७ घेते, कारण २००८ च्या सुरुवातीला सीविफ्स जवळपास तीन महिने बंद होता आणि नंतरही मधून मधून बंद पडत राहिला. दोघांना एकाच ग्रिडवर आणा. ज्या पिक्सेलवर त्या महिन्यात दोघांचंही माप आहे तेच पिक्सेल ठेवा, बाकीचे गाळा. मग दर महिन्याला एकाला दुसऱ्याने भागा आणि त्या भागाकाराचा आलेख काढा.

तो आलेख पुष्कळ बोलतो. रेघ सपाट असली, समजा सगळीकडे ०.९ च्या जवळपास, तर एका गुणकाने काम भागतं. ती दरवर्षी उन्हाळ्यात चढते आणि हिवाळ्यात उतरते असं दिसलं तर एक गुणक पुरणार नाही, बारा महिन्यांचे बारा गुणक लागतील. आणि ती वर्षागणिक एकाच दिशेने सरकत असेल तर दोघांपैकी एकजण तरी घसरतो आहे. अशा वेळी जोडू नका, दोन मालिका वेगवेगळ्या मांडा. हे मी कळकळीने सांगते, कारण इथेच मोह सगळ्यात जास्त होतो. सव्वीस वर्षांची एक लांब रेघ हवी म्हणून माणूस तिरक्या सांध्यावर चिकटपट्टी लावतो.

जोडल्यावरही कल काढताना समीकरणात सांध्याच्या महिन्यासाठी पायरीचं पद ठेवा. मग कलाच्या आकड्याभोवतीची अनिश्चितता किती रुंदावते ते दिसेल. ती रुंदावलेली पट्टी हेच तुमच्या सांध्याचं खरं मोल.

जोडलेली तयार मालिका घेतली तरी?

युरोपीय अंतराळ संस्थेच्या ओसी-सीसीआयसारख्या मालिकेत हे जुळवाजुळवीचं काम आधीच केलेलं असतं. एका सेन्सरला आधार मानून बाकीच्यांची परावर्तनं (पाण्यातून परत आलेल्या उजेडाची मापं) पट्ट्यागणिक त्याच्याशी मिळवलेली असतात. घरी बसून मी जे करेन त्यापेक्षा ते नक्कीच चांगलं आहे, आणि नव्याने काम सुरू करणाऱ्याला मी तीच मालिका सुचवते. तरी एक फट उरते. आकाशात एक सेन्सर होता तेव्हा महिन्यातून जितके पिक्सेल मिळायचे, तीन सेन्सर आल्यावर त्याहून कितीतरी जास्त मिळतात. ढगांच्या फटीतून दिसणारा समुद्र आणि जवळजवळ सगळा दिसणारा समुद्र यांची सरासरी एकच येईल अशी खात्री नसते. म्हणून तयार मालिकेवरही पुढची पिक्सेल-मोजणीची तपासणी करायचीच.

आवृत्त्यांची भेसळ

माझे स्वतःचे दोन आठवडे यात गेले आहेत. आलेखात पायरी होती, पण कोणत्याही सेन्सरच्या तारखेशी जुळेना. सूत्रं पुन्हा तपासली, नकाशे पुन्हा काढले, जवळच्या पावसाच्या आणि वाऱ्याच्या नोंदीही चाळल्या, एका टप्प्यावर तर तिथे खरंच काहीतरी घडलंय असं मानून त्याची कारणंही लिहायला घेतली होती. शेवटी एका फाइलचं मथळ्याचं पान उघडलं, शेजारी पायरीनंतरच्या महिन्याची फाइल उघडली. प्रक्रियेच्या आवृत्तीच्या ओळीत एकीकडे २०१८.०, दुसरीकडे २०२२.०. जुन्या फाइल संगणकावर आधीपासून होत्या, नव्या मी नंतर उतरवल्या होत्या. पायरी माझ्या फोल्डरमध्ये होती.

दर काही वर्षांनी सुरुवातीपासूनची सगळी माहिती नव्याने प्रक्रिया केली जाते. उपकरणाची झीज नव्याने मोजली जाते, हवेचं गणित सुधारतं, कधी क्लोरोफिलचं सूत्रच बदलतं. स्वच्छ पाण्यासाठीचं सूत्र असंच बदललं: गुणोत्तराऐवजी हिरव्या उजेडाचा निळा-लाल रेषेपासूनचा फरक मोजणारी पद्धत २०१२ मध्ये मांडली गेली आणि नासाच्या २०१४ च्या पुनर्प्रक्रियेपासून ती प्रमाण क्लोरोफिलमध्ये आली. जुनी आणि नवी फाइल एकाच मालिकेत बसवली तर महासागराच्या निळ्याशार मध्यभागातच सगळ्यात मोठी पायरी पडते, आणि नेमका तोच भाग तापमानवाढीच्या परिणामांसाठी पाहिला जातो.

उपाय सरळ आहे. प्रत्येक फाइलमधून आवृत्तीची ओळ वाचून यादी छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहा आणि विश्लेषणाच्या आधी तो चालवा. दोन आवृत्त्या सापडल्या तर दुरुस्ती करत बसू नका, जुनं सगळं पुसून पुन्हा डाउनलोड करा. आठ दिवसांच्या फाइल वापरत असाल तर आणखी एक बारकी गोष्ट: मोजणी दर १ जानेवारीला नव्याने सुरू होते, त्यामुळे वर्षातली ४६ वी फाइल आठ दिवसांची नसून पाच दिवसांची असते, लीप वर्षात सहा. तिला इतरांइतकंच वजन दिलं की डिसेंबरअखेर नसती उडी दिसते.

किती पिक्सेलवरून सरासरी आली?

मला एकच तपासणी निवडायला सांगितली तर ही निवडेन. क्लोरोफिलच्या प्रत्येक आलेखाखाली, त्याच काळरेषेवर, त्या महिन्यात माप मिळालेल्या पिक्सेलची संख्या मांडा. फक्त एवढं केलं तरी निम्म्या शंका तिथेच मिटतात.

अरबी समुद्राचं उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे खोल पाणी वर आणतात. ते पोषकद्रव्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे ओमान, सोमालिया आणि केरळच्या किनाऱ्यांजवळ फायटोप्लँक्टनची वर्षातली मोठी वाढ याच महिन्यांत होते. आणि याच महिन्यांत समुद्रावर ढगांचं छत असतं. म्हणजे जे पाहायचं ते ज्या वेळी घडतं, त्याच वेळी डोळे झाकलेले. एका विद्यार्थिनीने आणलेल्या आलेखात एका वर्षीचा ऑगस्ट आकाशाला भिडला होता. खालची मोजणी काढली तेव्हा चौकोनातल्या हजारो पिक्सेलपैकी त्या महिन्यात चौदा पिक्सेल भरलेले निघाले, आणि ते सगळे किनाऱ्याला चिकटलेल्या एका फटीतले. त्या चौदा पिक्सेलमध्ये खरंच भरपूर क्लोरोफिल असेल, मी ते नाकारत नाही. पण तो आकडा चौकोनाचा नव्हता.

आता हे वार्षिक सरासरीत कसं मुरतं ते पाहा. एखाद्या वर्षी ऑगस्टला मोकळीक मिळाली आणि माप आलं, दुसऱ्या वर्षी आलंच नाही. उपलब्ध महिन्यांची सरसकट सरासरी काढली तर पहिलं वर्ष समृद्ध आणि दुसरं दुष्काळी दिसतं, समुद्र दोन्ही वर्षी सारखाच असूनही. उंच अक्षांशांवर हीच गोष्ट हिवाळ्यात होते, तिथे सूर्य इतका खाली असतो की माप घेताच येत नाही.

यासाठी मी असं करते. आधी प्रत्येक पिक्सेलची, प्रत्येक महिन्याची अनेक वर्षांची सरासरी काढते, म्हणजे त्या जागेचा नेहमीचा जानेवारी, नेहमीचा फेब्रुवारी. मग प्रत्येक मापातून त्या जागेचा त्या महिन्याचा नेहमीचा आकडा वजा करते. उरलेल्या फरकांची सरासरी काढली की कोणते पिक्सेल दिसले आणि कोणते झाकले गेले याचा परिणाम बराच कमी होतो. शिवाय चौकोनातले ठरावीक वाट्याहून कमी पिक्सेल भरले असतील तो महिना सोडून देते. तो वाटा किती ठेवायचा याचं एकच बरोबर उत्तर नाही. मी वीस, तीस आणि चाळीस टक्के अशा तीन पातळ्यांवर कल काढून पाहते. पातळी बदलली की कलाची दिशाच बदलत असेल, तर तो कल ढगांचा आहे.

सरासरी कोणती?

क्लोरोफिलच्या किमती सारख्या पसरलेल्या नसतात. बहुतेक समुद्र फिकट आणि थोडे ठिपके गडद, असा प्रकार असतो, म्हणून तो लॉगमध्ये मोजायची रीत आहे. पाच पिक्सेल घ्या: चार ०.१ चे आणि एक ५ चा. नेहमीची सरासरी येते १.०८, जी पाचांपैकी एकाही पिक्सेलशी मिळतीजुळती नाही. लॉग घेऊन सरासरी काढून परत फिरवली तर ०.२२ येते. एका गडद पिक्सेलमुळे पहिली जवळपास अकरा पट फुगते, दुसरी दोन पटींच्या आसपास. दोघांच्या कलांच्या दिशा वेगळ्या येण्याचं हे एक अगदी साधं कारण आहे: एकाने साधी सरासरी घेतलेली असते, दुसऱ्याने लॉगची. दोन्ही चालतात, पण एकदा निवडली की शेवटपर्यंत तीच, आणि कोणती घेतली ते लिहून.

आणि क्षेत्रफळाचं वजन विसरू नका. समान अंशांच्या ग्रिडवर ६० अक्षांशावरचा पिक्सेल विषुववृत्तावरच्या पिक्सेलच्या निम्म्या क्षेत्रफळाचा असतो. अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं नाही तर ध्रुवाकडच्या हिरव्या पाण्याचं मत दुप्पट मोजलं जातं.

किनारा, धूळ आणि इतर फसवे हिरवे

किनाऱ्याजवळ पाण्याचा रंग फक्त फायटोप्लँक्टनमुळे ठरत नाही. नदीचा गाळ, कुजलेल्या पाल्याचा तपकिरी रंग, उथळ पाण्यातून दिसणारा तळ, हे सगळं सूत्राला हिरवंच वाटतं. नदीला पूर आला की क्लोरोफिल वाढलेलं दिसतं. मोकळ्या समुद्रासाठी केलेलं सूत्र अशा जागी वापरायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळते: २०० मीटरपेक्षा उथळ पाणी मोकळ्या समुद्राच्या कलातून बाहेर. वाळवंटी धूळ समुद्रावर आली तर हवेचा हिशोब चुकतो आणि खालचं पाणी हिरवं दिसतं. दैनिक फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसोबत इशाऱ्यांची खूण असते: ढगाची कड, सूर्याची चकाकी, तिरकी नजर, हवेचं गणित फसलं, वगैरे. मासिक नकाशे तयार करताना त्या आधीच वापरलेल्या असतात, पण एखादा महिना संशयास्पद वाटला तर दैनिक फाइलींपर्यंत खाली उतरून त्या पाहा.

सगळं बरोबर आहे, तरी कल उलटतो

मग मालिका आखूड आहे. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण इथे घाई महागात पडते.

सीविफ्सची माहिती सुरू झाली सप्टेंबर १९९७ मध्ये, म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निन्योंपैकी एकाच्या ऐन मध्यात. तेव्हा विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये पोषक पाणी वर येणं मंदावलं होतं आणि क्लोरोफिल खूप खाली होतं. लगेच पुढे ला निन्या आली आणि ते उसळलं. १९९७ पासून मोजलं तर वाढ दिसते. १९९९ पासून मोजलं तर घट. दोन्ही आकडे खरे, पण दोघंही दीर्घकालीन बदलाबद्दल फारसं सांगत नाहीत. तुमचा कल पहिली दोन वर्षं गाळून आणि शेवटची दोन वर्षं गाळून पुन्हा काढा. चिन्ह बदललं तर तो कल छापू नका.

अरबी समुद्रानेही हे दाखवलं आहे. २००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १९९७ नंतरच्या सात वर्षांत पश्चिम अरबी समुद्रात उन्हाळी फायटोप्लँक्टनमध्ये ३५० टक्क्यांहून अधिक वाढ नोंदवली होती. पुढची वर्षं जोडल्यावर २०१२ मधल्या दुसऱ्या अभ्यासाला २००३ नंतर ती वाढ टिकलेली दिसली नाही. आणि २०१६ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी सहा दशकांच्या काळात पश्चिम हिंदी महासागरात २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचं मांडलं. यात कोणी बेजबाबदार होतं असं मला मुळीच वाटत नाही. खिडकीची रुंदी वेगळी, म्हणून दिसलं वेगळं.

पद्धती मिसळल्या की काय होतं याचं मोठं उदाहरण २०१० चं आहे. नेचरमधल्या एका शोधनिबंधात, पाण्यात पांढरी तबकडी सोडून ती दिसेनाशी होते ती खोली मोजण्याच्या १८९९ पासूनच्या नोंदी आणि नंतरची थेट क्लोरोफिलची मापं एकत्र करून जगभर दरवर्षी सुमारे एक टक्का घट होत असल्याचं म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप आले. मुख्य मुद्दा हाच, की मापाची पद्धत काळाबरोबर बदलत गेली तर त्यातूनच खोटी घट निघू शकते. तुमच्या २००२ च्या पायरीची ही मोठी बहीण आहे.

गणिताच्या बाजूनेही एक सापळा. या महिन्याचं क्लोरोफिल मागच्या महिन्यासारखंच असण्याकडे कल असतो, म्हणून २४० महिने म्हणजे २४० स्वतंत्र मापं नव्हेत. लगतच्या महिन्यांमधला सहसंबंध ०.६ असेल तर २४० ला (१ − ०.६) ने गुणून (१ + ०.६) ने भागा: ६० उरतात. सार्थकता, म्हणजे कल निव्वळ योगायोगाचा नाही ना याची चाचणी, त्या साठावर काढा. बरेच ठळक कल इथे फिके पडतात. २०१० मध्येच स्टेफनी हेन्सन आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला होता की क्लोरोफिलच्या नैसर्गिक चढउतारातून हवामानबदलाचा कल वेगळा काढायला साधारण ४० वर्षांची अखंड मालिका लागेल. १९९७ पासून मोजा म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल.

आणि कल टिकला तर

समजा सगळ्या चाळण्यांतून गेला. एक आवृत्ती, एक सेन्सर किंवा नीट तपासलेला सांधा, पिक्सेलची मोजणी ठीक, टोकं छाटूनही चिन्ह तेच. आता दोन गोष्टी करा.

पहिली, क्लोरोफिल बाजूला ठेवून थेट परावर्तनात तोच बदल दिसतो का ते पाहा. क्लोरोफिल हे सूत्रातून काढलेलं, परावर्तन मोजलेलं. २०२३ मध्ये केल आणि सहकाऱ्यांनी मोडिस-ॲक्वाची वीस वर्षांची परावर्तनं सगळ्या पट्ट्यांत एकत्र पाहिली. एकाच सेन्सरची असल्याने सांध्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना महासागराच्या ५६ टक्के पृष्ठभागावर रंगात सार्थ बदल आढळला, मुख्यतः कमी अक्षांशांवर, हिरव्याच्या बाजूला. फक्त क्लोरोफिल पाहिलं असतं तर इतक्या कमी वर्षांत तो एवढा स्पष्ट दिसला नसता.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते, कारण इथे मोजणीची चूक संपते आणि जीवशास्त्र सुरू होतं. फायटोप्लँक्टनच्या पेशी उजेडाप्रमाणे आपलं क्लोरोफिल कमीजास्त करतात. वरचा थर तापून उथळ झाला की पेशींना जास्त ऊन मिळतं, मग त्या कमी क्लोरोफिलवर भागवतात. पेशी तितक्याच असतात, पण वरून पाणी फिकट दिसतं. उपग्रहाला खोलवरचं दिसतही नाही: स्वच्छ समुद्रात कित्येकदा पन्नास ते शंभर मीटर खाली क्लोरोफिलचा सगळ्यात दाट थर असतो आणि तो या हिशोबात येतच नाही. म्हणून क्लोरोफिलसोबत कणांमुळे मागे फिरणाऱ्या उजेडाचं माप, पश्चप्रकीर्णन, त्याच चौकोनासाठी काढा. ते पेशींच्या वस्तुमानाच्या जास्त जवळ जातं. त्या भागात जैवरासायनिक आर्गो फ्लोट (पाण्यात खालीवर होत मापं घेणारी स्वयंचलित उपकरणं) फिरत असतील तर त्यांचं खोलीनुसार क्लोरोफिलही घ्या. क्लोरोफिल घसरतं पण पश्चप्रकीर्णन जागचं हलत नाही, असं दिसलं तर पेशींनी उजेडाशी जुळवून घेतलं असण्याची शक्यता आधी लिहा. दोन्ही सोबत घसरतात आणि फ्लोटही तेच सांगतात, तेव्हाच त्या चौकोनात फायटोप्लँक्टन घटलं असं मी लिहिते, चौकोनाच्या सीमा, आवृत्ती आणि वगळलेल्या महिन्यांची यादी शेजारी देऊन.